खाली जागा

कीटकांचे फोटो काढायचे असतील तर उन्हात बसावं लागतं, आणि काही काम न करता उन्हात बसलेली बाई घरात सगळ्यांनाच खटकते. सूप घेऊन पाखडत बसा, पापड वाळत घालून राखण करत बसा, कुणी काही म्हणणार नाही. मोबाइल घेऊन वांग्याच्या झाडापुढे अर्धा तास उकिडवं बसलात की मात्र चौकशी सुरू होते. मी चाळिशी ओलांडलेली, बी.एड. केलेली, उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणारी बाई आहे. तरी चौकशी चुकत नाही.

साधनं फार नाहीत. साधा मोबाइल आणि त्याच्या कॅमेऱ्यावर चिमट्यासारखी अडकणारी एक छोटी भिंगाची लेन्स. ही लेन्स लावली की दोन बोटांच्या अंतरावरचंच स्पष्ट दिसतं. तुम्ही श्वास सोडला तरी चित्र हलतं. माशीचा डोळा स्पष्ट आला तर पंख धूसर येतात, पंख साधले तर डोळा जातो. अनुभवानं एवढं कळलं आहे की डोळा साधावा. पंख धूसर असले तरी चित्र जिवंत वाटतं. आपली सावली कीटकावर पडू देऊ नये. तो उडाला तर मागे धावू नये, तिथेच थांबावं. बहुतेक वेळा तो परत येतो, कारण त्याचं तिथे काहीतरी काम असतं.

परभणीला मी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते. तिथे कुंडीतली कोथिंबीर सोडली तर माती नाही. म्हणून हा छंद सगळा माहेरच्या भरवशावर चालतो. माहेर उदगीरला. जुनं माळवदाचं घर होतं. पुढची बाजू भाईजाननं सिमेंटची करून घेतली, मागची एक भिंत अजून पांढऱ्या मातीची आहे. त्या भिंतीच्या आत आमचं परस. लिंबू, कढीपत्ता, शेवगा, मेंदी, वालाचा वेल, चार वांगी आणि सब्जा. सब्जा अब्बांनी लावला. कब्रस्तानात जाताना फुलांबरोबर सब्जाच्या डहाळ्या न्यायची आमच्याकडे रीत आहे. उरलेलं बी फालुद्यात जातं. एकदा लावला की सब्जा स्वतःच बी टाकतो आणि स्वतःच उगवतो. अब्बा जाऊन चार वर्षं झाली, सब्जा तिथेच आहे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत गेले तर परसाच्या कडेला सिमेंटचे पेव्हर ब्लॉक रचून ठेवलेले होते. भाईजान म्हणाला, सुट्टी संपायच्या आत मिस्त्री येईल, सगळं परस पक्कं करून टाकू. कारण खरं होतं. ऑगस्टमध्ये पाऊस झाल्यावर अम्मी न्हाणीकडे जाताना चिखलात घसरली, मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टरमध्ये होती. वय चौऱ्याहत्तर. त्यापुढे कुठल्या किड्याची बाजू घेणार?

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लेन्स घेऊन बसले. बसले ती जवळजवळ दिवसभर.

ऑक्टोबरचं ऊन आमच्याकडे वेगळंच. पाऊस गेलेला, हवा कोरडी, जमीन मात्र आतून ओली. कीटकांना याहून चांगले दिवस नाहीत. सकाळी सातला ते गारठलेले असतात. बहुतेकांच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती सूर्याकडून घ्यावी लागते. त्या वेळी नाकतोडा वालाच्या पानावर दगडासारखा बसून राहतो, मिशांवर दवाचे थेंब. हवे तेवढे फोटो काढा. नऊच्या सुमाराला फुलपाखरं भिंतीवर पंख पसरून ऊन खातात. अकरानंतर सगळ्यांना पाय फुटतात आणि माझी कसोटी सुरू होते.

लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी होतं. लेन्समधून पाहिलं तर ती अळी होती. लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या लहानपणी अशाच काळ्या-पांढऱ्या असतात, खाण्यासारखं काही आहे असं पाखराला वाटूच नये म्हणून. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. काडीनं हलकं डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुभंगलेली शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. वालाच्या कोवळ्या शेंड्यावर मावा पडला होता आणि त्यावर मुंग्यांचा पहारा. मावा झाडाचा रस पितो आणि गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो पितात. बदल्यात त्या माव्याची राखण करतात. तासाभरात एक ढालकिडा मावा खायला आला. तीन मुंग्या त्याच्या पायांना भिडल्या. त्याने पाय पोटाशी ओढून घेतले, अंग खाली चिकटवलं आणि वादळ निघून जायची वाट पाहत बसला. ढालकिडा हे नाव ज्या कुणी ठेवलं, त्याने हे नक्की पाहिलेलं असणार.

भर दुपारी कपडे वाळत घालायच्या तारेवर लाल चतुर बसला. ऊन डोक्यावर आलं तसं त्याने शेपटीचं टोक वर वर नेलं, शेवटी अंग सरळ सूर्याच्या दिशेने उभं केलं. पाहणाऱ्याला तो कसरत करतोय असं वाटेल. खरं तर तो ऊन टाळत असतो: शेपूट सूर्याकडे रोखली की अंगावर ऊन कमी पडतं. वर आकाशात पिवळसर चतुरांचा थवा घिरट्या घालत होता. ते खाली बसत नाहीत, त्यामुळे माझ्याकडे त्यांचा एकही नीट फोटो नाही. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या अभ्यासकाने २००९ साली मांडलं की हे चतुर ऑक्टोबरपासून वाऱ्याबरोबर भारतातून समुद्र ओलांडत मालदीव बेटांवर आणि तिथून पुढे आफ्रिकेकडे जातात. परत येते ती त्यांची पुढची पिढी. बोटाएवढा जीव, आणि अरबी समुद्र. आमच्या परसावरून उडणाऱ्यांपैकी कोण जाणार आणि कोण इथेच राहणार, हे खालून सांगता येत नाही.

मी शाळेत मुलांकडून नावं गोळा करून घेते. घरी काय म्हणता, मराठीत काय म्हणतात? तितली आणि फुलपाखरू, जुगनू आणि काजवा, झिंगुर आणि रातकिडा, भौंरा आणि भुंगा. पहिल्या पावसात निघणारा मखमली लाल जीव मराठी शेतकऱ्याला मृगाचा किडा, उर्दूत बीरबहूटी. एक नाव नक्षत्रावरून, दुसऱ्यात चक्क बहू, म्हणजे लाल जोड्यातली सून. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कोळ्याच्या नात्यातला. दोन्ही भाषांना त्याचं काही पडलेलं नाही. मुलं या तासाला कधी कंटाळत नाहीत. पुस्तकातलं मराठी त्यांना परकं वाटतं, परसातलं वाटत नाही.

दुपारी अम्मी बाजेवर येऊन बसली. आमच्या घरात भिंतीवर माणसांचे फोटो नाहीत. अब्बांना ते पटत नसे. त्यांचे स्वतःचे फोटो दोनच, एक मतदार ओळखपत्रावर, एक हजच्या पासपोर्टवर. जिवंत गोष्टीची तसवीर काढावी की नाही यावर आलिम लोकांत मतभेद आहेत, आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तरी अम्मीसमोर फोटो काढताना माझा हात जरा अवघडतोच. तिने विचारलं, "कायकू निकालरी इनके फोटू?" मी मनात मसल्याचं उत्तर तयार करू लागले. ती पुढे म्हणाली, "उनके घर में झाँकरी तू. पूछी क्या उनकू?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण "उनके घर में" हे शब्द कानात राहिले.

तिच्यासमोर सब्जाच्या तुऱ्यांवर एक माशी फिरत होती. मधमाशीहून जराशी गोल, सतत गुणगुणणारी, एका फुलावर क्षणभरही न टिकणारी. पोटावर आकाशी निळे पट्टे. ब्लू बँडेड बी हे तिचं इंग्रजी नाव. सत्तावीस फोटोंनंतर एक साधला. मी तो अम्मीला दाखवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जवळचं चांगलं दिसतं. तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, पट्टे पाहिले आणि म्हणाली, "ये तो सब्जे की मक्खी है. शाम कू इधरीच सोती."

मला वाटलं, ती काहीतरी भलतंच म्हणतेय. मगरिबनंतर ती मला सब्जाजवळ घेऊन गेली. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर वाळल्या काडीला एकाखाली एक पाच माश्या चिकटलेल्या होत्या. पायांनी धरलेल्या नव्हत्या. जबड्याने काडी चावून धरलेली आणि अंग हवेत. या जातीचे नर असेच झोपतात, काडीला चावून. मी हे वाचलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. अम्मीने वाचलेलं नव्हतं, वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. भांडी घासून झाल्यावर राखेचं पाणी सब्जाला घालायला ती रोज त्याच वेळी तिथे जायची.

"और मादी?" मी विचारलं.

"वो दीवार में," अम्मी म्हणाली, जणू शेजारणीचा पत्ता सांगावा.

सकाळी मी भिंतीसमोर बसले. पांढऱ्या मातीत, कमरेच्या उंचीला, पेन्सिल जाईल एवढी भोकं होती. दहापर्यंत काही नाही. मग एका भोकातून तोंड बाहेर आलं, मिशा हलल्या, आणि निळे पट्टे भर्रकन वांग्याच्या दिशेने गेले. त्या वांग्याच्या फुलाचीही एक गोष्ट आहे. त्याचे पराग उघड्यावर नसतात. पिवळ्या नळ्यांच्या टोकाला बारीक छिद्रं असतात, पराग आत. नेहमीच्या मधमाशीला ते काढता येत नाहीत. ही माशी फुलाला मिठी मारते, पंख न हलवता फक्त स्नायू थरथरवते, आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे पराग गळतात. तेव्हा आवाज बदलतो, गुणगुण एकदम वरच्या पट्टीत जाते. टोमॅटोचंही तसंच. वारा थोडंफार काम करतो, पण असं हलवून घेतलेल्या फुलाला फळ चांगलं धरतं.

मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं. आग्या, सातेरी, फुलोरी. पण जगात मधमाश्यांच्या गोतावळ्यात २० हजारांहून जास्त जाती आहेत आणि पोळं करून एकत्र राहणाऱ्या त्यात फार थोड्या. बाकीच्या एकेकट्या संसार करतात. त्यातल्या बहुतेक जमिनीत बीळ करतात, काही मातीच्या भिंतीत, काही पोकळ काड्यांत. राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचा साठा नाही. एक आई, एक बीळ, आत थोडे कप्पे, प्रत्येक कप्प्यात परागाचा गोळा आणि एक अंडं. मग तोंड बंद. पुढच्या पिढीची भेट बहुधा होतच नाही. त्या माश्यांना उघडी माती हवी, एवढीच त्यांची मागणी.

रात्री जेवणानंतर भाईजान परसाचं माप घेत होता. म्हणाला, "इतनी जागा खाली पडी है, आधे में गाडी भी लग जाएगी."

खाली. या एका शब्दाने मला वर्गात नेहमी त्रास दिला आहे. मराठीच्या पेपरात "रिकाम्या जागा भरा" असा प्रश्न असतो, आणि माझी मुलं हमखास वहीत "खाली जागा भरा" लिहितात, कारण उर्दूत रिकामी म्हणजे खाली. मी लाल पेनाने दुरुस्त करते. मराठीत खाली म्हणजे तळाशी, जमिनीच्या दिशेला. घर खाली करतात तेवढ्यापुरता तो उर्दूतला अर्थ मराठीत आला आहे. त्या रात्री पहिल्यांदा मला दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू आले. भाईजानला जागा रिकामी दिसत होती. मला ती तळाशी भरलेली दिसत होती.

पण सांगायचं कसं? लग्न होऊन गेलेल्या मुलीने माहेरच्या परसात काय असावं हे ठरवायचं नसतं. शरीयतने मुलीला वाटा दिला आहे, तो कागदाचा विषय. भावाच्या घरातल्या फरशीबद्दल मत देणं वेगळं. शिवाय माझ्या बाजूला होत्या चार-दोन माश्या, त्याच्या बाजूला अम्मीचं मनगट. मी परभणीला निघून जाणार, अम्मी पुन्हा घसरली तर रात्री दवाखान्यात धावणार भाईजान आणि भाभी. हे मला दिसत होतं. म्हणून मी वाद घातला नाही. फोन त्याच्या हातात दिला.

तीनशेपैकी त्रेचाळीस फोटो ठेवले होते. भाईजान बोटाने भराभर पुढे सरकवत गेला. अळी, मुंग्या, चतुर. मग थांबला. भोकातून निळी माशी डोकावतेय, बाजूला मातीत बोटाचा जुना ठसा. "ये अपनी दीवार है?" त्याने विचारलं. लिंपताना उमटलेला तो ठसा कुणाचा, हे कुणीच बोललं नाही. रमजानच्या आधी दरवर्षी ती भिंत अब्बा स्वतः लिंपायचे. अम्मी म्हणाली, ही बाजू लिंपली तरी माश्या फोडून बाहेर यायच्या, मग त्यांनी लिंपणंच सोडलं. त्यात कुठला उपदेश नव्हता, ते फक्त कंटाळले होते. भाईजान हसला.

कुरआनात मुंगीच्या, मधमाशीच्या आणि कोळ्याच्या नावाच्या सूरा आहेत, हे आपण कौतुकाने सांगतो. मला त्यात विज्ञान शोधायची हौस नाही. मला आठवतो तो सूरह नम्लमधला प्रसंग. सुलेमान अलैहिस्सलामांचं सैन्य येतंय हे पाहून एक मुंगी बाकीच्यांना बिळात जायला सांगते. ती सैन्याला जुलमी म्हणत नाही. ते आपल्याला तुडवतील आणि त्यांना कळणारही नाही, एवढीच तिची भीती. आणि सुलेमान तिचं बोलणं ऐकून हसतात, कारण त्यांना कळतं. आपल्याला मुंगीची भाषा शिकवलेली नाही. आपल्या हातात फार तर एक भिंग आहे. पण नकळत तुडवणं आणि पाहून ठरवणं यात जो फरक पडतो, तो त्या भिंगानेही थोडा पडतो.

निर्णय अम्मीनेच दिला. "मेरेकू चलने कू रस्ता होना. पूरा मैदान नक्को."

मिस्त्री आला. दारापासून न्हाणीपर्यंत आणि तिथून कपड्यांच्या तारेपर्यंत तीन फुटांची वाट झाली, हाताला धरायला एक लोखंडी नळीही लागली. अम्मी चप्पल घालून त्यावरून दोन फेऱ्या मारून आली आणि खूश झाली. गाडीची जागा मात्र भाईजानने पक्की करून घेतलीच, पत्र्याच्या शेडखाली. तिथे पाऊस न लागलेल्या भुकटी मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे होते. तळाशी लपलेला किडा घसरून येणाऱ्या मुंग्या पकडायचा. लहानपणी आम्ही काडी घालून त्याला खेळवायचो. ते खड्डे आता नाहीत. आदल्या दिवशी मी त्यांचे फोटो काढले होते. फोटोने काही वाचलं नाही, फक्त तिथे काय होतं ते राहिलं. भिंतही किती वर्षं राहील सांगता येत नाही. भाईजान म्हणतो, एखाद्या मोठ्या पावसात ती बसणारच. त्याचं बरोबर आहे. तूर्त त्याने तिच्या डोक्यावर दोन पत्रे टाकले आहेत.

ज्यांच्या घरामागे वा घरापुढे हातभर उघडी माती आहे, त्यांना एकच सांगणं. ती पक्की करायची तर जरूर करा, घरात म्हातारं माणूस असेल तर कराच. त्याआधी एखादा उन्हाचा दिवस तिच्यापुढे बसून काढा. लेन्स नसली तरी चालेल. बारीक भोकं दिसली तर त्यांच्याकडे तोंड करून थांबा. आणि घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा, त्यांना बरंच माहीत असतं. फक्त कुणी विचारलेलं नसतं.

परभणीला आल्यावर दहा-बारा दिवसांनी संध्याकाळी भाभीचा फोटो आला. भाभी एरवी मला लग्नातल्या साड्यांचे फोटो पाठवते. हा अंधारात काढलेला, हललेला, सब्जाची काडी आणि तिला लटकलेले काळसर ठिपके. खाली तिने लिहिलं होतं: "आठ आहेत. अम्मी म्हणतात नऊ."